मोजून जेवणारा डॉक्टर

वजन कमी करायचे ठरले की बहुतेक घरांत आधी बंद करायच्या पदार्थांची यादी तयार होते. भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, आंबा बंद. ही यादी दोन-तीन आठवडे टिकते. मग एखादे लग्न किंवा सण येतो, यादी मोडते आणि त्याबरोबर निश्चयही मोडतो. आहारतज्ज्ञ याऐवजी एक वेगळी रीत सांगतात. कोणताही पदार्थ कायमचा बंद करायचा नाही. प्रत्येकाचा ठरावीक वाटा मोजायचा आणि एका वाट्याच्या जागी तेवढ्याच मोलाचा दुसरा वाटा घ्यायचा. पोळी हवी असेल तर पोळी, भात हवा असेल तर पोळीच्या बदल्यात भात. या पद्धतीला ‘फूड एक्स्चेंज’ म्हणतात.

आज ही रीत वजन घटवण्यासाठी सर्रास वापरली जाते. पण ती रुग्णाच्या स्वयंपाकघरापर्यंत नेणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक जण स्वतः वजन घटून मरणाच्या दारात पोहोचलेला होता. त्याचे नाव रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. जवळची माणसे त्यांना रॉबिन म्हणत.

लॉरेन्स यांचा जन्म 1892 मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात झाला. वडिलांचा ब्रश बनवण्याचा कारखाना होता. मुलगा हुशार होता. त्याने आधी इंग्रजी आणि फ्रेंच घेऊन पदवी मिळवली. मग ग्लासगोत काकांच्या कापडाच्या व्यवसायात त्याला लावण्यात आले. तिथे तो काही आठवडेच रमला. परत येऊन त्याने अ‍ॅबर्डीनच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले, पदके मिळवली आणि 1916 मध्ये तो डॉक्टर झाला. पहिले महायुद्ध चालू होते. लष्कराच्या वैद्यकीय दलातून त्याची नेमणूक हिंदुस्थानच्या सरहद्दीवर झाली. तिथे आमांशाने गाठले आणि 1919 मध्ये त्याला लष्करी सेवेतून मोकळे करण्यात आले.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेकडे वळले. एक दिवस ते मृतदेहावर कानामागच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव करत होते. छिन्नीने हाड तोडताना एक कपची उडाली आणि डोळ्यात घुसली. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला. उपचारासाठी दाखल केले तेव्हा नेहमीप्रमाणे लघवी तपासली गेली आणि तीत साखर सापडली. अशा रीतीने 1920 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी समजल्या. एका डोळ्याची दृष्टी गेली होती, म्हणून शस्त्रक्रियेचे क्षेत्र सोडावे लागणार होते. आणि त्यांना मधुमेह होता, म्हणून फार वर्षे जगता येणार नव्हते.

इन्सुलिन येण्यापूर्वीची भूक

तरुणपणी होणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंडातून इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. इन्सुलिनशिवाय शरीराच्या पेशींना रक्तातली साखर वापरता येत नाही. माणूस खातो, पण खाल्लेले अंगी लागत नाही. साखर लघवीवाटे वाहून जाते, त्यासोबत पाणी जाते, तहान वाढते. शरीर मग आपलीच चरबी आणि स्नायू जाळू लागते. वजन झपाट्याने उतरते. चरबी अशी बेसुमार जळताना रक्तात आम्ल साठते आणि अखेर रुग्ण बेशुद्ध होतो. 1920 मध्ये या बेशुद्धीतून परत आणणारे औषध जगात कुठेही नव्हते.

एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी ती पद्धत रूढ केली होती. लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि मग जेमतेम जगण्यापुरते अन्न द्यायचे. पिष्टमय पदार्थ निघून जावेत म्हणून भाज्या पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकून द्यायचे. यामुळे काही रुग्णांना महिने, क्वचित काही वर्षे मिळत. पण ती वर्षे हाडांचा सापळा होऊन काढावी लागत.

लॉरेन्स यांनाही कडक, तोलून घेतलेला आहार ठरवून देण्यात आला. शस्त्रक्रिया सुटल्यावर ते त्याच रुग्णालयाच्या रसायनशाळेत रक्त-लघवीच्या तपासण्यांचे काम करू लागले. तिथले प्रमुख होते डॉ. हॅरिसन. स्वतःच्या आजाराचे आकडे रोज डोळ्यांसमोर असलेला हा तरुण डॉक्टर अन्नाच्या वजनाचा आणि रक्तातल्या साखरेचा संबंध पुस्तकातून शिकला नाही, अंगावर घेऊन शिकला.

आपण आता थोड्याच दिवसांचे सोबती आहोत, हे त्यांनी ओळखले होते. घरच्यांना आपले मरण पाहावे लागू नये म्हणून त्यांनी देश सोडला आणि इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन तिथल्या इंग्रज रहिवाशांसाठी लहानसा दवाखाना थाटला. 1922-23 च्या हिवाळ्यात छातीचा संसर्ग झाला. मधुमेह हाताबाहेर गेला. पायांतल्या नसा दुबळ्या होऊ लागल्या.

त्याच काळात अटलांटिकपलीकडे परिस्थिती बदलली होती. कॅनडातल्या टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी 1921 मध्ये स्वादुपिंडातून अर्क मिळवला. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. हे इन्सुलिन पुढच्या वर्षी लंडनमध्ये उपलब्ध झाले. हॅरिसन यांनी फ्लॉरेन्सला तार केली. इन्सुलिन आले आहे, गुण येतो आहे, लगेच परत या, असा तिचा आशय होता.

इतक्या अशक्त अवस्थेत लॉरेन्स यांनी मोटारीने युरोप ओलांडला आणि मे महिन्याच्या अखेरीस ते लंडनला पोहोचले. 31 मे 1923 रोजी त्यांना इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. काही आठवड्यांतच अंगात ताकद येऊ लागली. काही महिन्यांत ते पुन्हा कामावर रुजू झाले. ज्या माणसाने स्वतःच्या मृत्यूची जागासुद्धा ठरवून ठेवली होती, त्याच्यापुढे आता आयुष्य पडले होते.

काळा वाटा, लाल वाटा

इन्सुलिन मिळाले आणि नवा प्रश्न उभा राहिला. किती इन्सुलिनला किती अन्न? इन्सुलिन कमी पडले तर साखर वाढते. इन्सुलिन जास्त आणि जेवण कमी झाले तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्ध हरपू शकते. म्हणजे रोज जवळपास सारखेच अन्न पोटात जायला हवे. पण रोज तेच ते कोण खाणार? आणि ज्याला रसायनशास्त्राचा गंध नाही त्या मजुराने, टंकलेखिकेने, शाळकरी मुलाच्या आईने हा हिशेब घरी करायचा कसा? त्या काळी रुग्णांच्या हाती जे तक्ते पडत, त्यांत प्रत्येक पदार्थाचे दशांशातले आकडे असत. एका जेवणासाठी कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास बेरीज-वजाबाकी करावी लागे.

लॉरेन्स यांनी 1925 मध्ये ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक लिहिले. त्यात आहाराची जी मांडणी होती ती ‘लाइन रेशन’ या नावाने ओळखली गेली. तिची कल्पना अगदी साधी आहे. पदार्थांची दोन रंगांत विभागणी करायची. काळ्या वाट्यात कर्बोदके, म्हणजे पाव, बटाटा, फळे, दूध यांसारखे पदार्थ. लाल वाट्यात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ, म्हणजे अंडे, मांस, मासे, चीज, लोणी. कोणताही एक काळा वाटा म्हणजे 10 ग्रॅम कर्बोदके. कोणताही एक लाल वाटा म्हणजे साडेसात ग्रॅम प्रथिने आणि 9 ग्रॅम स्निग्धांश. एक काळा आणि एक लाल मिळून एक ओळ.

आता रुग्णाने दशांश विसरायचे. डॉक्टर सांगणार, तुमच्या दिवसाला इतक्या ओळी, सकाळी इतक्या, दुपारी इतक्या, रात्री इतक्या. त्या ओळींत काय भरायचे ते रुग्ण ठरवणार. साधारण 20 ग्रॅम पावात 10 ग्रॅम कर्बोदके असतात. सुमारे 50 ग्रॅम बटाट्यात तेवढीच असतात. 200 मिलिलिटर दुधातही जवळपास तेवढीच. म्हणून पाव नको असेल तर बटाटा, बटाटा नको असेल तर दूध. एखाद्याच्या घरी ज्या दिवशी जे शिजेल, त्यातून त्याला आपल्या ओळी भरता येत.

आकडेमोड करून पाहिली तर या पद्धतीची ताकद कळते. कर्बोदके आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून सुमारे 4 उष्मांक मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून 9. म्हणजे एका ओळीत 40 अधिक 30 अधिक 81, असे सुमारे 150 उष्मांक झाले. दहा ओळींचे 1,500. कष्टाचे काम करणाऱ्याला चार ओळी वाढवून द्यायच्या, लठ्ठ रुग्णाच्या दोन-तीन ओळी काढायच्या. ताटातला पदार्थ एकही बंद करावा लागत नाही, वाट्यांची संख्या तेवढी बदलते. वजन घटवण्याच्या आजच्या आहार-नियोजनाचे मूळ तत्त्व हेच आहे.

लॉरेन्स स्वतः याच पद्धतीने जगत होते. रोज इन्सुलिन टोचत, वाटे मोजून जेवत आणि त्याच दिवशी बाह्यरुग्ण विभागात इतरांना तेच शिकवत. त्यांचा आग्रह असा होता की मधुमेहाचा रोजचा डॉक्टर रुग्ण स्वतःच असतो. त्याने लघवी तपासायला शिकले पाहिजे, सुई टोचायला शिकले पाहिजे आणि आपले ताट मोजायला शिकले पाहिजे. डॉक्टरांनी ज्ञान आपल्याकडे राखून ठेवण्याच्या त्या काळात हा विचार रूढ नव्हता. 1929 मध्ये त्यांनी रुग्णांसाठी ‘द डायबेटिक एबीसी’ हे आणखी सोपे पुस्तक काढले. ‘द डायबेटिक लाइफ’च्या आवृत्त्या पुढची तीन दशके निघत राहिल्या.

कादंबरीकार एच. जी. वेल्स त्यांचे रुग्ण होते. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या मधुमेह विभागासाठी पैसे हवे होते, तेव्हा वेल्स यांनी वर्तमानपत्रातून जाहीर आवाहन केले. 1934 मध्ये दोघांनी मिळून मधुमेहींची संघटना स्थापन केली. रुग्ण आणि डॉक्टर तिचे बरोबरीने सभासद होते. ही संघटना आज ‘डायबेटिस यूके’ या नावाने काम करते.

लठ्ठ आणि कृश

अनेक वर्षे रुग्ण पाहताना एक गोष्ट स्पष्ट होत गेली. सगळे मधुमेही सारखे नसतात. काही तरुण, कृश, इन्सुलिनशिवाय न जगू शकणारे, खुद्द लॉरेन्स यांच्यासारखे. काही मध्यमवयीन आणि लठ्ठ. त्यांच्या शरीरात इन्सुलिन असते, पण वाढलेल्या चरबीमुळे ते नीट काम करत नाही. लंडनमधलेच हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी 1936 मध्ये हा फरक प्रयोगाने दाखवला होता. 1951 मध्ये लॉरेन्स यांनीही मधुमेहाच्या प्रकारांवर लेख लिहून ही विभागणी मांडली. पहिल्या गटाला इन्सुलिन हवे. दुसऱ्या गटात आधी वजन उतरवायला हवे.

इथेच वाट्यांच्या पद्धतीला दुसरा उपयोग मिळाला. 1950 मध्ये अमेरिकेत मधुमेह संघटना, आहारतज्ज्ञांची संघटना आणि सरकारी आरोग्य सेवा यांनी एकत्र येऊन ‘एक्स्चेंज’ याद्या प्रसिद्ध केल्या. लॉरेन्स यांच्या दोन रंगांच्या जागी तिथे सहा गट होते: दूध, भाज्या, फळे, पाव-धान्ये, मांस आणि स्निग्ध पदार्थ. धान्याच्या एका वाट्यात 15 ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे 70 उष्मांक, स्निग्ध पदार्थांच्या एका वाट्यात 5 ग्रॅम चरबी आणि 45 उष्मांक, असे प्रत्येक गटाचे मोल ठरलेले होते. या याद्या मधुमेहींसाठी होत्या, पण वजन घटवू पाहणाऱ्यांसाठीही त्या सोयीच्या ठरल्या.

आपल्याकडचे आहारतज्ज्ञ हेच मोल आपल्या ताटाला लावतात. सुमारे 20 ग्रॅम पिठाचा एक लहान फुलका म्हणजे धान्याचा एक वाटा. 20 ग्रॅम तांदळाचा भात, म्हणजे शिजल्यावर साधारण अर्धी वाटी, हाही एक वाटा. 20 ग्रॅम कोरडे पोहे हाही एक वाटा. एक चमचा तेल किंवा तूप म्हणजे स्निग्ध पदार्थांचा एक वाटा. हा हिशेब कळला की काही समजुती आपोआप दुरुस्त होतात. कांदेपोहे हलके समजले जातात. पण 60 ग्रॅम पोह्यांची भरलेली बशी म्हणजे धान्याचे तीन वाटे, त्यात तीन चमचे तेल म्हणजे स्निग्ध पदार्थांचे तीन वाटे, आणि वर मूठभर शेंगदाणे. सगळे मिळून 400 उष्मांकांच्या आसपास जाते. पोहे बंद करायची गरज नाही. तेल तीन चमच्यांवरून एकावर आणले तर तिथेच 90 उष्मांक वाचतात. शेंगदाणे कमी करून मटार, गाजर घातले तर बशी तेवढीच भरलेली दिसते.

रोजच्या गरजेपेक्षा सुमारे 500 उष्मांक कमी घेतले तर सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरते, पुढे हा वेग मंदावतो. हे 500 उष्मांक कोणत्या गटातून काढायचे, हेही महत्त्वाचे असते. धान्य, तेल आणि गोड यांचे वाटे कमी करावेत. डाळी, दूध, अंडी यांचे वाटे राखावेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पालेभाज्या आणि फळभाज्या वाढवाव्यात. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वाटे कमी करू नयेत. औषध तेवढेच आणि जेवण कमी झाले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. लॉरेन्स यांनी ज्यासाठी ही पद्धत आखली तो मूळ धोका आजही तसाच आहे. आणि काहीही न करता वजन उतरू लागले, तहान-लघवी वाढली, तर आनंद मानू नये. तरुण लॉरेन्स यांच्या काळात जसे ते आजाराचे लक्षण होते तसे आजही आहे.

जुने झाले ते आणि टिकले ते

लॉरेन्स यांच्या आहारातल्या सगळ्याच गोष्टी टिकल्या नाहीत. दहा ओळींच्या आहारात 90 ग्रॅम स्निग्धांश येतो, म्हणजे निम्म्याहून जास्त उष्मांक चरबीतून. त्या काळी कर्बोदकांची भीती होती आणि हृदयविकाराशी आहारातल्या चरबीचा संबंध अजून उलगडायचा होता. प्रत्येक घास तराजूत तोलायची सक्तीही अनेकांना जाचत असे. पण 10 ग्रॅम कर्बोदकांचा वाटा हे माप ब्रिटनमधल्या मधुमेहींच्या तोंडी कित्येक दशके राहिले. आज इन्सुलिन घेणारे रुग्ण जेवणातली कर्बोदके मोजून डोस ठरवतात, तेही त्याच हिशेबाचे पुढचे रूप आहे.

1950 मध्ये जगभरच्या मधुमेह संघटनांचा महासंघ उभा राहिला तेव्हा लॉरेन्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1958 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तरी पुढे दहा वर्षे ते जगले. ऑगस्ट 1968 मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. लग्न, तीन मुलगे, भरभराटीची वैद्यकी, पुस्तके, संघटना हे सगळे त्या 31 मेच्या इंजेक्शननंतरचे. इन्सुलिनने त्यांना पंचेचाळीस वर्षे दिली. ती इन्सुलिनबरोबरच मोजलेल्या ताटाचीही होती.

उपासमारीची तीन वर्षे काढलेल्या माणसाने रुग्णांसाठी जी पद्धत आखली, तिच्यात उपासाला जागा नव्हती. ज्याला अन्न नाकारले गेले होते त्याने अन्न बंद करण्याची यादी लिहिली नाही, अदलाबदलीची लिहिली. वजन उतरवण्यासाठी उद्या सकाळी नवी सुरुवात करणाऱ्याने भात आणि आंबा यांवर कायमची फुली मारण्याआधी एक आठवडा फक्त मोजून पाहावे. दिवसाला किती फुलके, किती वाट्या भात, किती चमचे तेल, किती वेळा चहात साखर. आठवड्याच्या शेवटी वहीत जे दिसेल, त्यातले कोणते दोन-तीन वाटे सहज कमी होतील हे बहुतेकांना स्वतःलाच सांगता येते.